दोन पंखे लावूनही तापणारा ट्रक : १९७२ च्या शेव्हरोले सी-१० चं एक प्रकरण

गाडी १९७२ ची शेव्हरोले सी-१०. अमेरिकन पिकअप ट्रक, पुढे लांबलचक बॉनेट, मागे उघडा हौदा. इंजिन ३५० घनइंची व्ही-८, म्हणजे ५.७ लिटर, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. एसी कंपनीतून आलेला नाही, नंतर कुणीतरी बसवलेला. गाव ह्यूस्टन, टेक्सास. मालक एक निवृत्त मराठी इंजिनिअर, तेलाच्या धंद्यात आयुष्य गेलेलं. इथली सगळी मंडळी त्यांना काकाच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

तक्रार दोन टप्प्यांत आली. पहिला टप्पा जुना : उन्हाळ्यात सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये थांबलं की तापमानाची सुई चढायची आणि हायवेला लागलं की खाली यायची. त्यावर उपाय म्हणून काकांनी एका गॅरेजमधून बेल्टवर फिरणारा मूळ फॅन काढून टाकला आणि रेडिएटरच्या मागे बारा इंचाचे दोन इलेक्ट्रिक फॅन लावून घेतले. दुसरा टप्पा त्यानंतरचा : सिग्नलला फरक जेमतेम, पण आता ताशी १०० किलोमीटरच्या वर गेलं की हायवेवरही गाडी तापायला लागली. शिवाय सकाळी बॅटरी बसलेली. "अरे, एकाच्या जागी दोन फॅन लावले, तरी जास्त तापते म्हणजे काय?" हा काकांचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता.

तापणाऱ्या गाडीची चौकशी करताना पहिला प्रश्न एकच : कधी तापते? उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, तर पाण्याची बाजू बहुधा ठीक असते, हवा कमी पडत असते. पळताना तापते, तर रेडिएटर अपुरा किंवा चोंदलेला, पंपाच्या खालचा होज ओढ लागून चपटा होणारा, नाहीतर रेडिएटरच्या जाळीतून हवा जाण्याची वाटच अडलेली. ताशी १०५ किलोमीटरला असा ट्रक पंचवीस-तीस हॉर्सपॉवर सतत वापरतो आणि ढोबळमानाने तितकीच उष्णता पाण्यात येते. त्या वेगाला फॅनची गरज नसते, समोरचा वाराच पुरतो. म्हणजे या गाडीत नवे फॅन लावल्यावर जे बिघडलं ते नव्या फॅनमुळेच बिघडलं असावं, हा संशय चावी फिरवण्याआधीच होता.

तरी बाकीचं आधी निकालात काढलं, कारण फॅनच्या नादात हेडगॅस्केटकडे, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलकडे, दुर्लक्ष झालेली गाडी मी पाहिली आहे. रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनाचा वायू तपासणारं निळं द्रव धरलं. ते निळंच राहिलं, पिवळं पडलं नाही, म्हणजे गॅस्केट शाबूत. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, पातेल्यात गरम पाण्यात सोडून पाहिला, ८२ अंशाला उघडला. रेडिएटरचं झाकण १५ पौंडांचा दाब धरत होतं. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकोल आणि १५ पौंडांचं झाकण असलं की उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकण सैल असेल तर ही सगळी ढील हातची जाते आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. खालच्या होजमध्ये स्प्रिंग होती. डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, किंचित मागे होतं, ते पुढे घेतलं. मागे पडलेल्या टायमिंगने आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, एक्झॉस्टकडून बरीच उष्णता हेडमध्ये शिरते, हे सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचं जुनंच दुखणं.

मग रेडिएटर. हे दोन फॅन कसे बसवले होते ते जवळून सांगण्यासारखं आहे. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये प्लास्टिकच्या दांडीसारख्या पट्ट्या येतात. त्या जाळीतून आरपार खुपसायच्या, पुढून टोपी लावायची, मागून फॅन खेचून बसवायचा. ब्रॅकेट नाही, ड्रिलिंग नाही, अर्ध्या तासात काम. इथे तसंच केलं होतं. आठ पट्ट्यांपैकी दोन पट्ट्यांच्या भोवती जाळीवर हिरवट-पांढरी पापडी धरली होती. नखाने खरवडल्यावर खाली ओल लागली. फॅन चालू-बंद होताना प्रत्येक वेळी झटका देतो, गाडी हादरते ती वेगळीच. पट्टी नळीवर घासत राहते आणि पितळेची पातळ नळी झिजून पाझरते. कूलंट थोडं थोडं का कमी होतंय, याचं उत्तर तिथेच होतं.

हवेची चाचणी कागदाने केली. इंजिन बंद, बॅटरीला चार्जर लावलेला, दोन्ही फॅन चालू. एसीच्या कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्याही पुढे असलेल्या एसीच्या जाळीवर, वहीचं पान धरायचं आणि सोडायचं. फॅनच्या समोरच्या दोन गोलांत पान चिकटून राहायचं, त्या गोलांच्या बाहेर सरकलं की खाली गळून पडायचं. चारही कोपऱ्यांत आणि दोन फॅनच्या मधल्या पट्ट्यात ओढ शून्य. गणितही तेच सांगतं : जाळी साधारण २८ बाय १७ इंच, म्हणजे ४७६ चौरस इंच. बारा इंची दोन वर्तुळं मिळून २२६. अर्ध्याहून कमी जाळी काम करत होती, उरलेली नुसती शोभेला. फॅन थेट जाळीला टेकवला की तो आपल्यासमोरच्या नळ्यांपुरतीच हवा ओढतो. भोवती श्राउड, म्हणजे जाळीच्या कडेपासून फॅनच्या कडेपर्यंत हवा कोंडून आणणारी पेटी असेल, आणि जाळी व पात्यांत दोन-तीन इंच मोकळी जागा असेल, तरच सगळ्या जाळीतून ओढ लागते. हायवेवर तर उलटाच प्रकार : फॅनच्या जाड चौकटी, मोटरचे डबे आणि पाती मिळून समोरून येणाऱ्या वाऱ्याला अडथळा करत होत्या.

आता वीज. बॅटरीच्या टोकांवर १२.८ व्होल्ट आणि फॅनच्या कनेक्टरवर १०.७. दोन व्होल्टहून जास्त वाटेतच खपत होते. दोन्ही फॅनना मिळून ३० अँपिअर लागतात आणि तार १६ गेजची टाकली होती (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). १६ गेजच्या तारेचा रोध फुटाला सुमारे ४ मिलिओम. जाण्या-येण्याची मिळून १६ फूट तार धरली तर ६४ मिलिओम, गुणिले ३० अँपिअर, म्हणजे १.९ व्होल्ट. उरलेलं अर्थिंगच्या स्क्रूत जात होतं, तो रंग न खरवडताच पत्र्यात पिळला होता. हात लावला तर तार कोमट नव्हे, चांगली गरम. फॅनचा वेग व्होल्टेजबरोबर पडतो आणि हवा वेगाबरोबर, त्यामुळे खोक्यावर छापलेला हवेचा आकडा इथे कधी उमटलाच नसता. तसाही तो आकडा समोर काहीच नसताना, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. इथे पुढे कंडेन्सर, मागे तीन ओळींचा रेडिएटर.

तापमानाचा सेन्सर म्हणजे जाळीत खोचलेली सुई आणि तिला जोडलेली एक फिरती कळ. कळ ७५ अंशांच्या आसपास ठेवलेली. थर्मोस्टॅट ८२ ला उघडतो! इंजिन एकदा गरम झालं की पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानाखाली उतरणारच नाही, मग ७५ वर सेट केलेला फॅन बंद कधी होणार? त्यात फॅनची तार चावीला न जोडता थेट बॅटरीला. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, ब्लॉकची धग वर चढते, रेडिएटरचा वरचा भाग काही काळ आणखी तापतो आणि फॅन घोंघावत राहतो. बॅटरी का बसते, याचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रात. कंपनीतून आलेला ३७ अँपिअरचा अल्टरनेटर, बाहेर वेगळा रेग्युलेटर असलेला, अजून तसाच होता. ३७ हा आकडा इंजिन चढत्या फेऱ्यांवर असतानाचा, आयडलला त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. मागणी काय होती ते जोडा : फॅन ३०, एसीचा ब्लोअर १२, कॉम्प्रेसरचा क्लच ४, इग्निशन ४, संध्याकाळी हेडलाइट आणि मागचे दिवे ९-१०. साठच्या घरात. म्हणजे ट्रॅफिकमध्ये उभं असताना बॅटरीतून सतत चाळीसेक अँपिअरचा उपसा. बॅटरी उतरली की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की फॅन मंदावतो, फॅन मंदावला की पाणी तापतं. काकांची "तापते" आणि "बॅटरी बसते" या दोन तक्रारी म्हणजे एकच तक्रार होती.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो, कारण या विषयात सगळी चर्चा कोणता फॅन किती हवा ओढतो यावर चालते. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फॅन लावणं हे दिसायला हवेचं काम आहे, पण त्यातलं तीन-चतुर्थांश काम विजेचं आहे. फॅन निवडायला एक संध्याकाळ पुरते. तो चालवण्याइतकी वीज आहे का, ती त्याच्यापर्यंत पोचते का आणि तो योग्य वेळी बंद होतो का, याच्यावर प्रकल्प टिकतो किंवा बुडतो.

आणि मूळ दुखणं? ते शोधायला काकांच्या शेडमध्ये जावं लागलं. काढून ठेवलेला जुना फॅन तिथे होता, चार पात्यांचा, साधा, क्लच नसलेला. श्राउड कुठे विचारल्यावर काका म्हणाले, "तो एसी बसवला तेव्हाच काढला रे, आड येत होता म्हणून." झालं. आयडलला इंजिन ६५० फेऱ्यांवर असतं. फॅनची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, त्यामुळे २६०० फेऱ्यांच्या मानाने तिथे चौथा हिस्सा हवा मिळते. (त्यासाठी लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या घनाने बदलते, म्हणजे चौसष्टावा हिस्सा.) त्यात श्राउड नाही, पुढे कंडेन्सर वाढलेला. सिग्नलला तापली नसती तरच नवल. कंपनीच्या मापाचा श्राउड आणि सात पात्यांचा थर्मल क्लचवाला फॅन परत लावला असता तर पहिली तक्रार बहुतेक तिथेच मिटली असती. क्लचचा फॅन गरज नसताना जवळजवळ मोकळा फिरतो, त्यामुळे "बेल्टचा फॅन इंजिनची ताकद खातो" ही ओरडही त्याला फारशी लागू पडत नाही.

हे काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरीही इलेक्ट्रिकच हवा म्हणाले. कारण हट्टाचं नव्हतं. हा ट्रक सर्वात जास्त चालतो तो जुन्या गाड्यांच्या मिरवणुकांत : भर उन्हात, एसी चालू, माणसाच्या चालीने, अर्धा-अर्धा तास. तिथे बेल्टचा फॅन कितीही चांगला असला तरी आयडलच्या फेऱ्यांना बांधलेला. इलेक्ट्रिक फॅन इंजिन ६५० वर असताना स्वतः पूर्ण वेगाने फिरू शकतो. या वापराला तो खरोखर योग्य आहे. ठरलं, पण पहिल्यापासून नीट करायचं.

फॅन भंगारवाड्यातून आणला. १९८८ ते १९९५ मधल्या फोर्ड टॉरसमध्ये ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन यायचं, त्याचा दोन वेगांचा फॅन इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत फार लोकप्रिय आहे. एकच मोठं पातं, भोवती साच्यात ओतलेला पूर्ण श्राउड, आणि रुंदी-उंची आमच्या जाळीवर थोडक्यात बसणारी. किटमधल्या फॅनसारखी चकचकीत पेटी नाही, पण हा एका कंपनीने पूर्ण गाडीची हमी देताना, एसीसकट, उन्हात चाचण्या घेऊन निवडलेला फॅन आहे. ती मेहनत फुकटात मिळते. तोटा एकच, मोटर वापरलेली असते. बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं, ब्रश उघडून पाहिले, अजून लांबी होती.

रेडिएटर दुकानात देऊन दोन्ही पाझरणाऱ्या नळ्या डाग देऊन बंद केल्या आणि आतून साफ करून घेतला. मग श्राउड जाळीला न टेकवता वरच्या-खालच्या फ्रेमला ॲल्युमिनियमच्या पट्टीचे ब्रॅकेट करून बसवला, कडेला फोमची पट्टी लावली, म्हणजे फटीतून इंजिनकडची गरम हवा परत ओढली जाणार नाही. मोटरचं टोक आणि वॉटर पंपाची पुली यांत बोटभर जागा राहिली. इंजिन रबराच्या माउंटवर पुढे-मागे हलतं, त्यामुळे एवढी जागा तरी हवीच. श्राउडच्या कोपऱ्यांत चौकोनी खिडक्या कापून त्यांवर बाहेरच्या बाजूने रबराचे पडदे लावले. फॅन ओढत असताना पडदे चिकटून बंद राहतात. गाडी वेगात असली की समोरचा वारा त्यांना ढकलून बाहेर पडतो. हायवेवरच्या तापण्यावरचा हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे आणि बहुतेक किटमध्ये तो नसतो.

क्लँप मीटरवर हा फॅन कमी वेगाला २२ आणि जास्त वेगाला ३४ अँपिअर घेत होता. सुरू होताना क्षणभर ८० च्या वर. हा पहिला झटकाच स्वस्त रिलेचे (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) संपर्क चिकटवून टाकतो, मग चावी काढली तरी फॅन थांबत नाही. म्हणून जास्त वेगासाठी ७० अँपिअरचा रिले, कमी वेगासाठी ४० चा. मोटरला तीन तारा असतात : एक अर्थ, दोन वेगांच्या दोन. दोन्ही वेगांना एकाच वेळी वीज द्यायची नसते. त्यासाठी तिसरा छोटा पाच पिनांचा रिले घेतला. जास्त वेगाची आज्ञा आली की त्याचा ८७ए क्रमांकाच्या पिनवरचा संपर्क सुटतो आणि कमी वेगाच्या रिलेच्या कॉइलचा पुरवठा तुटतो. बॅटरीपासून ८ गेजची तार, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा मोठा फ्यूज. अर्थची तारही तितकीच जाड, पत्र्याला न जोडता थेट इंजिन ब्लॉकवर, जिथे बॅटरीची मूळ अर्थ केबल येते तिथेच. रेडिएटरची फ्रेम रबरावर बसलेली आणि रंगवलेली असते, तिच्यावर अर्थ मिळेल हा भरवसा सोडून द्यावा. सगळं जोडल्यावर बॅटरीवर १३.६ आणि मोटरवर १३.२ व्होल्ट. या एका मोजमापावर मी सगळ्यात खूश होतो.

रिलेच्या कॉइलना वीज चावीतून. म्हणजे गाडी बंद, फॅन बंद. काका म्हणाले, "पण आमच्या दुसऱ्या गाडीचा फॅन तर बंद केल्यावरही चालतो." चालतो, तो त्या गाडीच्या रचनेचा भाग. या ट्रकचा वॉटर पंप बेल्टवर आहे. इंजिन थांबलं की पंप थांबला, मग फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी थंड करत बसतो, ब्लॉकपर्यंत त्याचा उपयोग पोचत नाही. बेल्टचा फॅनही इंजिनबरोबरच थांबायचा आणि पन्नास वर्षं काही बिघडलं नाही.

फिरती कळ काढून टाकली. त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, थर्मोस्टॅटच्या शेजारी, ठरावीक तापमानाचे दोन स्विच बसवले. पहिला ९३ अंशाला चालू, ८५ ला बंद : कमी वेग. दुसरा ९९ ला चालू, ९१ ला बंद : जास्त वेग. बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या ८२ च्या वर आहे, हे यातलं महत्त्वाचं. एकतारी स्विच आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतो, त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे मारले की फॅन कधी लागतो, कधी नाही, असला भुताटकीचा बिघाड सुरू होतो. किंचित सीलंट पुरतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला की कमी वेग लगेच चालू, आणि एसीच्या गॅसच्या जास्त दाबाच्या बाजूला बसवलेला स्विच २५० पौंडांच्या आसपास जास्त वेग लावतो. उभ्या गाडीत पाणी तापण्याआधी एसीचाच दाब चढतो, म्हणून फॅनला पहिली हाक एसीची जाते.

आता अल्टरनेटर. रेग्युलेटर पोटातच असलेला जनरल मोटर्सचा सीएस-१४४, १४० अँपिअरचा. आयडलला साठ-सत्तर अँपिअर देतो. त्याला व्ही-बेल्टची पुली घातली, ब्रॅकेटला वॉशर लावून बेल्टची रेषा जुळवली. जुना बाहेरचा रेग्युलेटर काढला. यात दोन सापळे आहेत. एक : या अल्टरनेटरच्या एल टोकाला चावीची वीज सरळ द्यायची नाही, मध्ये दिवा किंवा रेझिस्टर हवा, नाहीतर आतला रेग्युलेटर जळतो. दोन : त्याच तारेतून वीज उलटी इग्निशनकडे गेली तर चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. त्यासाठी तिथे डायोड टाकला. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र ४ गेजची केबल, तिला वेगळा फ्यूज. मूळची चार्जिंगची तार ३७ अँपिअरच्या काळातली. तिच्यातून शंभर अँपिअर न्यायला जाणं म्हणजे बॉनेटखाली आग ठेवणं. नव्या केबलमुळे डॅशवरचा जुना अँमीटर आता अर्धसत्य सांगतो, कारण बहुतेक करंट मूळ तारेला वळसा घालून जातो. खाली एक छोटा व्होल्टमीटर लावला. काकांना तो फारसा आवडलेला नाही, मूळ डॅशची शोभा जाते म्हणतात. मला आवडतो.

कुणी विचारेल, एवढ्या अल्टरनेटरने इंजिनची ताकद खाल्ली नाही का? हिशेब सोपा आहे. ३४ अँपिअर गुणिले साडेतेरा व्होल्ट म्हणजे ४६० वॉट. अल्टरनेटर निम्म्यापेक्षा थोडीच जास्त ताकद विजेत बदलतो, म्हणजे बेल्टवर ८००-८५० वॉट, साधारण १.१ हॉर्सपॉवर. तीही फॅन पूर्ण वेगात असतानाच. इलेक्ट्रिक फॅनने वीस हॉर्सपॉवर वाढली म्हणणाऱ्यांचा जुना फॅन क्लचशिवायचा असावा किंवा उत्साह जास्त.

चाचणी ३७ अंशांच्या दुपारी केटी फ्रीवेवर. ऑफिसं सुटण्याच्या वेळेला हा रस्ता इतका रुंद असूनही मुंगीच्या पावलाने सरकतो, हे ह्यूस्टनकरांना सांगायला नको. एसी पूर्ण, हेडलाइट मुद्दाम चालू. पाणी ९३ ते ९७ अंशांत खेळत राहिलं. जास्त वेग लागायचा तो बहुतेक एसीच्या दाबामुळे. आयडलला व्होल्टमीटर १३.४ च्या खाली आला नाही. रस्ता मोकळा झाल्यावर ताशी १०५ ला ८६-८८ अंश, एसी बंद केला तर फॅनही बंद, नुसत्या वाऱ्यावर. जास्त वेग लागताना हेडलाइट क्षणभर मंद होतात, तेवढं राहिलं. बेल्ट नवा असताना पहिल्या काही दिवसांत सुरू होताना किंचाळायचा, परत ताणल्यावर थांबला. एकाच व्ही-बेल्टवर एवढा अल्टरनेटर ही या कामातली कच्ची बाजू आहे. सतत शंभर अँपिअर ओढायचे असते तर मी रुंद बेल्टची सगळी व्यवस्था बदला म्हटलं असतं. इथे भार सत्तर-ऐंशीच्या पुढे जात नाही.

हे प्रकरण पुण्यातल्या एका मित्राला सांगितलं तर त्याचा लगेच प्रश्न, जुन्या जीपला असा फॅन लावू का? महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्या विलीज जीपा जोडायला घेतल्या त्यांच्या घराण्यातली गाडी अजून कितीजण जपून आहेत. युद्धकाळातली विलीज एमबी ६ व्होल्टची, डायनॅमो ४० अँपिअरचा : सगळी मिळून २४० वॉट, दिवे आणि इग्निशन धरून. टॉरसचा फॅन एकटा ४६० मागतो. नंतरच्या १२ व्होल्टच्या गाडीलाही आधी अल्टरनेटर, मग वायरिंग आणि शेवटी फॅन, हाच क्रम. आणि मूळ श्राउड जागेवर असेल, रेडिएटर साफ असेल, एसी नसेल, तर जीपचा साधा फॅन घाटातही पुरतो. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिन आडवं बसल्यामुळे रेडिएटरसमोर बेल्टचा फॅन फिरवणंच अवघड, म्हणून तिथे इलेक्ट्रिक आला. उभ्या इंजिनाच्या जुन्या गाडीत ती अडचण नव्हती.

काकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आता तीन वस्तू ठेवल्या आहेत : ६० अँपिअरचा सुटा फ्यूज, ७० चा एक रिले, आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेली हातभर तार. तापमानाचा स्विच वाटेत मेला तर त्याच्या टोकावरची तार काढायची, चिमट्याने इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला लावायची आणि चावी चालू ठेवायची, फॅन कमी वेगाने चालू होतो. त्यावर घरापर्यंत येता येतं. भंगारातल्या मोटरचे ब्रश पुढच्या उन्हाळ्याआधी परत उघडून पाहायचे आहेत.